धुराचा आकडा

उलव्यातल्या आमच्या सोसायटीखालच्या दुकानात मी मिठाची पिशवी उलटी करून मागचा आकडा वाचला आणि पिशवी फळीवर परत ठेवली. मग पुन्हा उचलली. दोनशे चौदा. आकड्याभोवती लाल कडं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'खारकोंडचं उन्हातलं मीठ' असं लिहिलेलं, आणि खारकोंड म्हणजे उरण तालुक्यातलं माझं गाव. ते मीठ माझ्या बाबांच्या हातचं असायची शक्यता सतरात एक, कारण गावात आता सतराच मिठागरं उरली आहेत. मी तशीच उभी राहिले, तेव्हा दुकानदार काउंटरवरून म्हणाला, "मॅडम, ते नका घेऊ, लालवालं आहे. हे घ्या, पिवळ्या कड्याचं." त्याने पुढे केलेली पिशवी कारखान्यातल्या मिठाची होती, जे भट्टी पेटवून कढवतात, वाळवतात आणि पार पिठासारखं करतात. तिच्यावर एकशे साठ होता. ते लाल आणि पिवळं कडं किती जाडीचं असावं, आकडा मध्यभागी असावा की खाली, यावर मी आयुष्यातले चार महिने घालवले आहेत. दुकानदाराला ते न शिकवता कळलं होतं, म्हणजे माझं काम इतकं यशस्वी झालं होतं की त्यापायी माझ्याच बापाचं मीठ फळीवर पडून राहिलं होतं. मी दोन्ही पिशव्या न घेता बाहेर पडले आणि लिफ्टने वर आले.

माझं काम आईला सांगायचं झालं तर मी 'धुराचा आकडा' एवढंच सांगते. एखादी वस्तू बनवताना, बांधताना, वाहून नेताना किती धूर झाला, तो ग्रॅममध्ये मोजायचा आणि पाकिटावर छापायचा. आपण मोजतो, श्रीलंकाही मोजते, पण दोघांच्या फूटपट्ट्या वेगळ्या. आम्ही कारखान्याच्या दारापर्यंत मोजायचो, ते त्यांच्या बंदरापर्यंत. त्यामुळे तीच पिशवी इकडे हिरवी आणि तिकडे लाल. दोन देशांनी एकच पट्टी धरावी यासाठी समिती बसली आणि तिच्यात मी, कल्पिता घरत, आपल्या बाजूची तांत्रिक अधिकारी. दोन वर्षं आम्ही भांडलो. कोलंबोतल्या एका बैठकीत तर मोजणी कुठून सुरू करायची यावर अख्खा दिवस गेला, आणि समोरच्या बाजूच्या दिलरुक्षी नावाच्या बाई, साठीच्या, बारीक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, संध्याकाळी मला म्हणाल्या की तू दिवसभरात एकदाही पाणी प्यायली नाहीस. शेवटी पट्टी ठरली. सुरुवातीला बारा वस्तू घेतल्या, त्यात मीठही होतं, कारण तिकडचे सुकी मासळी करणारे आपल्याकडचं जाडं मीठ मागवतात. ते मी यादीत घालायला लावलं. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना मी नवी मुंबईची वाटते आणि मीही तसं वाटू दिलं आहे.

अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभं राहिलं की दूरवर बंदराच्या क्रेन दिसतात. त्यांच्या पलीकडे, न दिसणारं, आमचं मिठागर. मी खुर्चीवर बसले आणि दोनशे चौदा फोडून पाहायला लागले. हा आकडा मला पाठ असायला हवा होता. खारकोंडचे सतरा अर्ज माझ्या टेबलावरून गेले होते. त्यातल्या एकावर बाबांची सही होती, 'ध' आणि त्याच्यापुढे वाळूत काठीने ओढावी तशी रेघ. त्या अर्जात 'इंजिन' या शब्दापुढे 'आहे' लिहिलं होतं. डिझेलचं, पाच अश्वशक्तीचं, रोज सहा तास; दोनशे चौदातला जवळजवळ सगळा धूर त्याचाच. आणि तो अर्ज पाहून, मला चांगलं आठवतं, मला आनंद झाला होता. बाबांनी एकदाचं इंजिन घेतलं, आता पाण्याची वाट बघत बांधावर बसायला नको, असं वाटून मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला होता. कशाबद्दल ते सांगितलं नाही. घरी फोन करून विचारलंही नाही, कारण मग मी मिठाच्या दोन हंगामांत घरी फिरकले नाही हे बोलावं लागलं असतं. गणपतीला जात होते, पण तेव्हा मिठागर पाण्याखाली असतं. एका पोरीला आपल्या घरात इंजिन आलं हे सरकारी अर्जावरून कळतं आणि ती त्यावर खूश होते, याची मला त्या खुर्चीत बसून इतकी लाज वाटली की मी उठून चेहरा धुतला.

रविवारी सकाळी गेले. उलव्याहून खारकोंडला गाडीने अर्धा तास, ट्रेलरची रांग लागली नाही तर. कंटेनरच्या चळती संपल्या की डाव्या हाताला एकदम आभाळ मोकळं होतं आणि वाफ्यांमधलं पाणी चमकायला लागतं. माझ्या नाकाला तो वास आधी लागला, खाडीच्या चिखलाचा आणि उन्हात तापलेल्या खाऱ्या पाण्याचा. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या दप्तराला हा वास येतो असं एकीने म्हटलं होतं, तेव्हापासून मी अत्तर लावते. त्याच वर्षी फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'बिझनेस' असं लिहिलं होतं. बाबा शेवटच्या वाफ्यात होते, गुडघ्यापर्यंत वर केलेली लुंगी, लांब दांड्याची फळी हातात, पाण्याखालचं मीठ कडेला ओढत. फळी ओढताना करकर असा आवाज येतो. मी त्या आवाजावर झोपलेली आहे, त्या आवाजावर अभ्यास केला आहे. बांधावर उभी राहून मी इंजिन शोधलं. शेडमध्ये नव्हतं. उघाडीजवळ, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या फळ्यांच्या दाराशी, नव्हतं. तिथल्या पाण्यावर तेलाचा एक थेंब नव्हता.

"बाबा, इंजिन कुठंय?"

"कंचा इंजिन?" बाबांनी फळी थांबवली नाही.

"तुम्ही अर्जावर लिहिलंय. पाच अश्वशक्तीचं."

फळी थांबली. आई शेडमधून टोपलीसकट बाहेर आली होती, तिने बाबांकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "सांगा आता पोरीला," ती म्हणाली. "मी तवाच बोलली व्हती." बाबा बांधावर आले, पाय पुसले, बिडी काढली, पेटवली नाही. मग एका दमात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पाहणी करायला एक बाई आली होती, मृणाली का काय, चांगली मुलगी, उन्हात लालबुंद झालेली, हातात टॅब. तिने विचारायला सुरुवात केली. "लाईट हाय का? नाय. पंप? नाय. टॅक्टर? नाय. गोदाम? नाय. माझ्या तोंडातून नाय-नाय निघतंय, आनि ती पोरगी प्रत्येक नायला मान हलवते. वाईट वाटून. मना लाज वाटाय लागली, कल्पे. चालीस वर्सं काम केला आनि पुरा कागदभर नायच नाय. मंग तिनं इचारला, इंजिन? मी बोललू, हाय." त्यांनी बिडी कानामागे खोचली. "आनि कोल्यांना बोटीला डिझेल मिलतं सवलतीत. मना वाटला, इंजिन लिवला तर आमालाबी मिलंल. मंग मीच सगल्यांना बोललू, लिवा. सतरा घरांनी लिवला." सतरा घरांनी सतरा नसलेली इंजिनं रोज सहा तास चालवली होती, आणि त्यांचा धूर मी, समितीची तांत्रिक अधिकारी, ग्रॅमपर्यंत मोजून पिशवीवर छापला होता. मला हसू आलं. पहिल्यांदा खरंच हसू आलं, आणि मग बाबांचा चेहरा पाहून ते गेलं. कारण त्यांनी विचारलं, "मुझम्मिल बोलला, मीठ परत येनार. आकड्यामुले. त्यो आकडा तू लावतेस, व्हय ना?"

मुझम्मिलचाचा आमच्याकडचं मीठ घेणारा एकटा व्यापारी उरला आहे. त्याच्या आजोबांची गलबतं होती, त्याचं कोलंबोत एका मासळीवाल्या घराण्याशी तीन पिढ्यांचं बोलणं आहे. मी त्याला तिथूनच फोन लावला. "कल्पिता बेटा," तो म्हणाला, "त्यांना मीठ पसंत आहे. माशाला हेच मीठ मानवतं म्हणतात. पण जूनपासून त्यांच्याकडे शंभरच्या वरचा आकडा चालणार नाही. त्यांचा कायदा आहे, माझी दोस्ती काय करणार? ते गेले तर मी कुणासाठी घेऊ? आणि मी नाही घेतलं तर धर्माभाऊ जमीन कंटेनरवाल्यांना देतील. ते मला गेल्या आठवड्यात बोलले." मी फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. ते वाफ्याकडे बघत होते. म्हणजे ठरलं होतं. हा शेवटचा हंगाम होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, जसं मी कुणाला काही सांगत नव्हते. खारकोंडची पोर मी अशी शोभत होते.

परत येताना गाडीत मी नियम आठवत होते. ते मीच लिहिले होते, त्यामुळे कलमांसकट येत होते. नववं कलम: तपासणीत माहिती खोटी निघाली तर माल यादीतून तीन वर्षांसाठी बाद. स्वतःच्या फायद्याची खोटी असो वा तोट्याची. ते 'वा तोट्याची' माझं होतं. कोलंबोत कुणीतरी विचारलं होतं की स्वतःचा आकडा वाढवून कोण सांगेल, आणि मी ऐटीत म्हणाले होते, नियम पूर्ण असावा. आता तो माझ्या बापासाठी पूर्ण होता. पण बारावं कलमही होतं: उत्पादकाने आपण होऊन, दोन्ही देशांच्या तपासनिसांसमोर, स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली आणि जागेवर मोजमाप झालं, तर जुना आकडा जाऊन मोजलेला आकडा येतो. हे दिलरुक्षीबाईंनी घालायला लावलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की या बाई वयामुळे मऊ झाल्या आहेत.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं: खारकोंड माझं गाव आहे, सतरापैकी एक अर्ज माझ्या वडिलांचा आहे, मी तो पाहिला होता, आणि त्या मिठागरांवरच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात अशी माझी विनंती आहे. साहेबांनी चष्मा काढला. "घरत, हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंत." मी हो म्हणाले. त्यांनी मला त्या तपासणीतून बाजूला केलं, जे बरोबरच होतं. तपासायला आमच्याकडून दुसरे दोन अधिकारी, तिकडून दिलरुक्षीबाई आणि त्यांचा एक मोजणीदार. "पण तिथल्या लोकांची भाषा कोलंबोच्या दोघांना कळणार नाही," साहेब म्हणाले, "तुम्ही दुभाषी म्हणून जा. फक्त दुभाषी. एक शब्द पदरचा घालायचा नाही." दोन वर्षं दोन देशांना एकमेकांचं म्हणणं समजावल्यावर मला शेवटी माझ्या बापाचं म्हणणं समजावायचं काम मिळालं. त्या रात्री मी बाबांना फोनवर एवढंच म्हणाले की खरं तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, मी सांगून चालणार नाही. बाबा म्हणाले, "बगू." बाबांचा 'बगू' मला लहानपणापासून माहीत आहे, सहलीला जाऊ का विचारल्यावर तो यायचा.

तारीख तपासनिसांनी ठरवली, चैत्रातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची. त्यांनी तिथी पाहिली नव्हती, त्यांना शुक्रवार सोयीचा होता. आम्ही साडेअकराला पोचलो. ऊन असं की बांधावरची माती भाजत होती. सतराही घरांतली माणसं आली होती, पुढे बाळाजीकाका, शेजारच्या मिठागराचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जणू लग्नाला. बाबाही पॅन्ट घालून उभे होते आणि त्या पॅन्टमध्ये मला ते अनोळखी वाटले. आमच्या अधिकाऱ्याने अर्ज काढला. इंजिन दाखवा म्हणाला. हे मराठीतच होतं, मला काही करायचं नव्हतं, माझे कान मात्र गरम झाले. बाबांनी घसा साफ केला. सगळ्या गावाने त्यांच्याकडे पाहिलं. आणि ते म्हणाले, "इंजिन रिपेरीला गेलाय."

दिलरुक्षीबाईंनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, काय म्हणाले? आमचे दोघे अधिकारी लिहायला लागले होते का, मी पाहिलं. एकाचं पेन कागदाला टेकलं होतं, पण हललं नव्हतं. हे वाक्य मी इंग्रजीत म्हटलं की ते दोन्ही बाजूंनी नोंदलं जाणार, नववं कलम लागणार, तीन वर्षं, आणि तीन वर्षांत इथे कंटेनर उभे राहणार. आणि थोडं वळवून म्हटलं, तर? 'इंजिन सध्या नाही' असं म्हटलं तर तेही खोटं नव्हतं. किती सोपं होतं. असं मी आयुष्यभर केलं होतं, बिझनेस, नवी मुंबई, सगळं थोडं वळवून. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, ते बाळाजीकाकांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की त्यांना त्या अधिकाऱ्यांची भीती नाही, मला वाटत होती तशी डिझेलची आशाही नाही. ज्या सोळा घरांना 'लिवा' म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर उभं राहून 'मी खोटं लिहायला लावलं' हे म्हणायचं होतं. ते मला तरी कुठे जमलं होतं दोन वर्षं? मला त्यांचा राग आला नाही. मला ते पहिल्यांदा इतके माझे वाटले. मी दिलरुक्षीबाईंना म्हणाले, "त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."

बाईंनी मान हलवली. त्या उघाडीकडे गेल्या, खाली वाकल्या, फळ्यांना हात लावला, बाजूच्या मातीकडे पाहिलं. इंजिन बसवलेली माती तेल पिऊन काळी होते. ही स्वच्छ होती, आणि ते त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या वाफ्यात उतरल्या. बोट बुडवून पाणी चाखलं. दुसऱ्या वाफ्यात गेल्या, पुन्हा चाखलं. गावातल्या बायका कुजबुजायला लागल्या, कारण पाणी आटून किती खारं झालं ते आमच्याकडेही असंच बघतात. चौथ्या वाफ्यात बाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "यांना विचार, आज पाणी किती वाजता येईल?" मी विचारलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं नाही, घड्याळाकडेही नाही.

"पाऊन वाजता."

"कशावरून?" आमच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"आज परतिपदा. तितीची पाऊनपट करायची. एकाची पाऊनपट पाऊन," बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा त्यांचा वाटला. "उद्या बीज, दीड वाजता. परवा सव्वादोन. हे आमच्या पोरांनापन येतं. हिला इचारा." आणि बोट माझ्याकडे. मला येतं. मी चौथीत असताना पावकीच्या आधी पाऊणकी शिकले ती यासाठीच. मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, तिथी म्हणजे काय ते सांगितलं, आणि पदरचा एक शब्द घातला, जो घालायचा नव्हता. मी म्हणाले, "हे माझे वडील आहेत." बाई म्हणाल्या, "मला कळलं होतं. तू उभी राहतेस तशीच ते उभे राहतात." मग त्या बाबांकडे वळून बोलल्या आणि मी मागून सांगत गेले: आमच्या गावीही मिठागर होतं. माझी आई मीठ ओढायची. आमचं मिठागर गेलं. तुम्ही फळ्या उचलाल तेव्हा मला जवळ उभं राहायचं आहे.

बाबांनी ती पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडली. बारा वाजून पस्तीस झाले तेव्हा खाडी नुसती फुगली होती. चाळीस झाले तेव्हा बाहेरच्या बाजूने फळ्यांना पाणी लागलं. मोजणीदार घड्याळ हातात धरून उभा होता. भरतीवर माझा विश्वास होता, पण वाऱ्यावर नव्हता, खाडीत टाकलेल्या त्या सगळ्या भरावावर नव्हता. पाणी वाट विसरलं तर? बाबा फळीवर तळवा ठेवून उभे होते, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मग त्यांनी "आयला" म्हटलं, म्हणजे आलं, आणि पहिली फळी ओढून काढली. बारा पंचेचाळीस. पाणी आत घुसलं. ते आवाज करत, फेस आणि काटक्या घेऊन, बाबांच्या मांड्यांपर्यंत उडत आत आलं, वळलं, पसरलं, आणि मोठा वाफा कडेकडेने भरत गेला. कुणाच्या शेडमध्ये काही घरघरलं नाही. सतराही उघाड्यांवर माणसं धावली होती आणि एकामागून एक पाण्याचे आवाज येत गेले, सतरा आवाज, मी मोजले. दिलरुक्षीबाई भिजल्या होत्या आणि हसत होत्या. बाबांनी कमरेवर हात ठेवले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, खणखणीत, बोलले.

"इंजिन नाय. कदी नव्हता. रिपेरी-बिपेरी सगला खोटा. मीच लिवला आनि मीच या सोलांना लिवाय लावला. हा सगला काम दर्या करतो, आनि सूर्य करतो, आनि आमी वडतो. लिवून घ्या."

बाळाजीकाका म्हणाले, "आमीबी लिवला, धर्मा. तू काय हात धरला व्हतास?" आणि मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. एकही वळवला नाही. मोजणीदार पुढे दोन दिवस राहिला, पट्ट्या रोवून पाण्याची उंची मोजली, वाफे मोजले, उधाणाला भरलेलं पाणी पुढच्या उधाणापर्यंत पुरतं हे कागदावर मांडलं. जाताना बाबांनी नव्या अर्जावर सही केली, 'ध' आणि रेघ, या वेळी रेघ कागदाबाहेर गेली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही देशांच्या सह्यांचं पत्र आलं. मी छापखान्यातून लेबलांची पहिली गुंडाळी स्वतः घेतली, कडं ओलं नाही ना ते बोटाने पाहिलं, आणि ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. या वेळी सांगितलं कशाबद्दल. दुपारी खारकोंडला पोचले तेव्हा बाबा मिठाच्या ढिगाशी उभे होते आणि आई त्याच्यावर पेंढा घालत होती. मी गुंडाळीतलं एक लेबल सोडवून बाबांच्या तळहातावर ठेवलं. हिरवं कडं. मुझम्मिलचाचाचा फोन येऊन गेला होता, पुढच्या तीन वर्षांचं पक्कं झालं होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते त्या आकड्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"अकरा," त्यांनी वाचलं. "हा अकरा कोनाचा?"

"पिशवीचे तीन, ट्रकचे दोन, जहाजाचे सहा."

त्यांनी बोटांवर बेरीज केली. "झाले की अकरा. मंग आमचा?"

"तुमचा शून्य, बाबा. बाराही वस्तूंत, दोन्ही देशांत, दुसऱ्या कुणाचा नाही."

अख्खा कागद नाय-नाय म्हणून लाजलेला माणूस त्या लेबलाकडे बघत उभा होता. मग त्यांनी ते शर्टावर, खिशाच्या वर, नीट चिकटवलं, बांधावर चढले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "ए बालाजी! आपला शून्य आयला रे!" तीन वाफ्यांपलीकडून हाक आली, "कनाचा शून्य?" "धुराचा!" ती हाक पुढे गेली, बाळाजीकाकांकडून पुढच्या मिठागरात, तिथून पुढे, आणि शेवटच्या टोकाला कुणालातरी नीट ऐकू गेलं नाही, त्याने परत विचारलं. आई हसत होती, तिच्या केसांत पेंढा होता. मी चपला काढल्या, बाबांच्या शेजारी बांधावर चढले आणि वीस वर्षांत न काढलेल्या आवाजात, आमच्या भाषेत, ओरडले, "शून्य आयला! धर्मा घरताची पोर बोलतेय, शून्य आयला!"